रेडिओहेडचा पुढचा अल्बम: उदास, उबदार की गिटारचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिओहेड या इंग्लंडच्या रॉक बँडचा ‘अ मून शेप्ड पूल’ हा अल्बम मे 2016 मध्ये आला. त्यानंतर रेडिओहेडचा एकही नवा स्टुडिओ अल्बम नाही. 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाचही जण सात वर्षांनी एकत्र आले आणि माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन असा दौरा झाला. दौऱ्याबरोबर नव्या अल्बमची घोषणा झाली नाही, पण चाहत्यांच्या आशा जाग्या झाल्या आणि त्यांचे सरळ तीन तट पडले. एकांना शेवटच्या अल्बमची शांत, जड उदासी पुढे चालू हवी आहे. दुसऱ्यांना ‘इन रेनबोज’ची ऊब हवी आहे. तिसऱ्यांना ‘द बेंड्स’मधल्या तीन गिटारी परत हव्या आहेत. यातली कुठली आशा धरण्यात अर्थ आहे, असं विचारलं आहे.

मी मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतो, त्यातही बँडचं जास्त. त्यामुळे माझं उत्तर कामाच्या बाजूने येणार. या बँडचा मूड आधी ठरवून येत नाही. गाणी कुठल्या जागेत, कशावर आणि किती शिजल्यावर रेकॉर्ड झाली, यातून तो येतो. म्हणून मी मूडवर पैज लावत नाही. माझी आशा एवढीच आहे की पाच जणांनी एका जागेत बसून, एकमेकांकडे बघत वाजवावं. तसं झालं तर तिन्ही तटांना हवं असलेलं बरंच काही मिळेल, आणि नाही झालं तर कुठल्याच तटाचं समाधान होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी हे बघू की चाहत्यांच्या आशेला या बँडकडे आजवर काय किंमत मिळाली. ‘ओके कॉम्प्युटर’ 1997 मध्ये आला आणि जगभर गाजला. पुढचा अल्बम कसा असावा याबद्दल खुद्द बँडमध्येच एकमत नव्हतं. गिटारवादक एड ओब्रायनला छोटी, सुरेल, गिटारची गाणी हवी होती. गायक टॉम यॉर्कला गिटार हातात घ्यायचीही इच्छा उरली नव्हती, गाणी पुरी होत नव्हती. 1999 मध्ये पॅरिसला रेकॉर्डिंग सुरू झालं, मग कोपनहेगन, मग इंग्लंडमध्ये परत. त्यातून ऑक्टोबर 2000 मध्ये निघाला ‘किड ए’. सुरुवातीलाच ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’: प्रॉफेट-5 सिंथेसायझर, कापून-जोडून विस्कटलेला आवाज, आणि दहा मात्रांचं आवर्तन. आपल्या कानाला दहा म्हटलं की झपताल आठवतो, पण इथे 2-3-2-3 असे खंड नाहीत. वाक्य जिथे संपेल असं वाटतं तिथून ते आणखी थोडं पुढे जातं, आणि म्हणून पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. गिटारची वाट बघणाऱ्या लोकांपुढे हे आलं. बँडमधल्या माणसाची आशाही जिथे पुरी झाली नाही, तिथे आपण बाहेरून कितीही जोर लावला तरी काय होणार? पण त्याच अल्बममध्ये ‘हाऊ टू डिसअपियर कंप्लीटली’ आहे, ज्याची व्हायोलिनं ऑक्सफर्डशरमधल्या डॉर्चेस्टर अ‍ॅबीत रेकॉर्ड झाली. त्या गाण्याची व्याकुळता आधीच्या कुठल्याही गाण्यापेक्षा कमी नाही. जे हवं होतं ते मिळालं, फक्त मागितलेल्या रूपात मिळालं नाही.

आता ‘उदास’ म्हणजे नक्की काय, याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी चर्चा या शब्दाभोवती फिरते.

स्टुडिओत तरुण बँड येतात आणि पहिल्या दिवशी सांगतात, “सर, मूड डार्क पाहिजे.” मग मायनर कॉर्ड (मेजरच्या मानाने उदास वाटणारे सूरसमूह), भरपूर रीव्हर्ब म्हणजे घुमारा, आणि हळू गाणारा गायक एवढ्यावर त्यांची भिस्त असते. मी काय करतो ते सांगतो. आधी झांजा कमी करायला सांगतो, कारण झांजांचा चकचकाट आवाजातली सगळी सावली खाऊन टाकतो. मग ड्रमला अगदी खेटून लावलेले माईक खाली आणतो आणि खोलीत दूर ठेवलेले माईक वर घेतो. त्याच ठेक्याचं वजन बदलतं. वाजवणारा माणूस एका जागेत एकटा आहे हे ऐकू यायला लागतं. लय मिनिटाला दोन-तीन ठोके जरी कमी केली तरी गायकाचा श्वास बदलतो. कॉर्ड मेजर आहे की मायनर, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो.

रेडिओहेडचीच दोन उदाहरणं घ्या. ‘नो सर्प्रायझेस’ मेजरमध्ये आहे, वर ग्लॉकनस्पीलची (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची) किणकिण, पाळण्याजवळ म्हणावं असं गाणं. तरी ते ऐकून घशात आवंढा येतो. त्यामागे एक साधी युक्ती आहे: वाद्यं जरा जलद लयीत वाजवून रेकॉर्ड केली, मग ते रेकॉर्डिंग हळू केलं आणि त्या हळू झालेल्या साथीवर यॉर्क गायला. वाद्यांचे सूर त्यामुळे किंचित जड, किंचित थकलेले वाटतात. कुणी मुद्दाम उदास वाजवलेलं नाही. दुसरं उदाहरण ‘लेट डाऊन’. तेही मेजर. गिटारचे एकमेकांत गुंतलेले सूर, आणि गिटारवादक जॉनी ग्रीनवूड बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मोजणीत वाजवतोय. ते पहाटे तीनच्या सुमाराला एका जुन्या वाड्याच्या नाचघरात रेकॉर्ड झालं. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळचं सेंट कॅथरिन्स कोर्ट ते, तेव्हा अभिनेत्री जेन सीमोरच्या मालकीचं. 2025 मध्ये, म्हणजे 28 वर्षांनी, हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत आलं. ते गाणं निघालं तेव्हा जन्मलीही नव्हती अशा मुलामुलींनी छोट्या व्हिडिओंमधून ते वर आणलं. नव्या श्रोत्यांना या बँडकडून काय हवं आहे याची मला दिसणारी ही सगळ्यात खरी खूण आहे. त्यांनी निव्वळ काळोखाचं गाणं उचललं नाही. शेवटाकडे दोन-दोन आवाज एकमेकांवर चढत वर जातात आणि छातीतलं ओझं हलकं होतं, असं गाणं उचललं.

पहिल्या तटाकडे वळतो, ज्यांना ‘अ मून शेप्ड पूल’चा मूड हवा आहे. त्यांचं प्रेम मला समजतं, मला स्वतःला तो अल्बम फार जवळचा आहे. पण तो कसा घडला ते बघा. फ्रान्सच्या दक्षिणेला सां-रेमी-द-प्रोव्हान्स इथल्या ‘ला फाब्रीक’ स्टुडिओत काम झालं. निर्माता नायजेल गॉडरिच याने कॉम्प्युटरऐवजी मल्टीट्रॅक टेपवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. टेपवर जागा मोजकी असते. नवा टेक, म्हणजे तोच भाग पुन्हा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, हवा तर जुना पुसावा लागतो. आज ज्यांनी कॉम्प्युटरवर एकाच ओळीचे चाळीस टेक साठवून ठेवायची सवय लावून घेतली आहे, त्यांना ही जोखीम कळणार नाही. पुसण्याआधी निर्णय घ्यावा लागतो: हे चांगलं आहे का? पुरे का? त्या निर्णयाचं गांभीर्य वाजवणाऱ्याच्या बोटात उतरतं. त्या अल्बममध्ये कुणीही गरजेपेक्षा एक सूर जास्त वाजवत नाही, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

दुसरी गोष्ट तंतुवाद्यांची. लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राने ती वाजवली, ह्यू ब्रंटच्या संचालनाखाली. ‘बर्न द विच’च्या सुरुवातीला जो टकटक, टोचणारा ठेका आहे तो हेडफोन लावून ऐका. ती व्हायोलिनं गजाने वाजवलेली नाहीत, वादकांनी गिटारच्या पिकने तारा छेडल्या आहेत. म्हणून तिथे व्हायोलिनची नेहमीची माया नाही, एक कोरडी भीती आहे. तीच तंतुवाद्यं ‘ग्लास आइज’मध्ये गजाने वाजतात आणि माणूस विरघळतो. ‘डेड्रीमिंग’च्या पहिल्या काही सेकंदांत सूर डळमळतो, टेप वेग पकडत असल्यासारखा. शेवटी यॉर्कचा आवाज उलटा आणि हळू करून लावलेला आहे, घोरण्यासारखा खोल. उदासी या असल्या ठिकाणी आहे.

आणि मग ‘ट्रू लव्ह वेट्स’. हे गाणं बँडने 1995 मध्ये पहिल्यांदा मैफलीत वाजवलं, तेव्हा ते एका अकूस्टिक गिटारवरचं जोरकस आर्जव होतं. 2001 च्या थेट कार्यक्रमांच्या रेकॉर्डमध्ये तसंच आलं. स्टुडिओत ते कितीदा करून बघितलं, जमलं नाही. 2016 मध्ये शेवटचं गाणं म्हणून जे आलं त्यात गिटार नाहीच. पियानोचे तुकडे एकमेकांवर घसरत राहतात, जुळता जुळता सुटतात. दरम्यान यॉर्कचं तेवीस वर्षांचं सहजीवन 2015 मध्ये संपलं होतं. शब्द तेच, पण विनवणी गेली होती आणि उरलं होतं ते आधीच हातून सुटलेलं. ज्या चाहत्यांना हाच मूड पुन्हा हवा आहे, त्यांनी विचार करावा की आपण काय मागतोय. तो अल्बम एका माणसाच्या आयुष्यातल्या एका फार कठीण वेळी झाला. त्याच्या पद्धतीची, टेपची, मोकळ्या जागेची आशा जरूर धरा. दुःखाची ऑर्डर देता येत नाही आणि देऊही नये.

दुसरा तट ‘इन रेनबोज’चा. माझं मन इथे आहे, हे लपवत नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये तो आला तेव्हा ‘हवे तेवढे पैसे द्या’ या विक्रीच्या पद्धतीचीच चर्चा जास्त झाली, आणि त्या गोंगाटात तो रेकॉर्ड कसा झाला हे मागे पडलं. आधी वेगळ्या निर्मात्याबरोबर केलेलं काम बाजूला ठेवावं लागलं होतं. दरम्यान 2006 च्या उन्हाळ्यात नवी गाणी घेऊन बँड दौऱ्यावर गेला, लोकांपुढे ती वाजवली. मग गॉडरिच परत आला आणि त्याने सगळ्यांना विल्टशरमधल्या टॉटनहॅम हाऊस नावाच्या पडक्या हवेलीत नेलं. इमारत राहण्याजोगी नव्हती म्हणून मंडळी आवारात कॅरव्हॅनमध्ये राहिली. ‘बॉडीस्नॅचर्स’ तिथलं आहे आणि त्याच्या गिटारला त्या भिंतींचा खरखरीतपणा लागलेला आहे.

‘रेकनर’ घ्या. सुरुवातीला नुसता तालवाद्यांचा झुळझुळाट, वरच्या पट्टीतला, जवळजवळ पावसासारखा. त्याखाली ड्रमवादक फिल सेल्वेचा ठेका, कुठेही न अडखळता. मग गिटार, अगदी साधी. अर्ध्यावर ड्रम थांबतात, आवाज आणि व्हायोलिनं उरतात, आणि ठेका परत येतो तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं. या गाण्याला मिक्समध्ये फार काही करावं लागलं नसेल असं मला नेहमी वाटतं. वाजवतानाच प्रत्येकाने दुसऱ्याला जागा दिली आहे. लोक ज्याला ऊब म्हणतात ती मला इथे ऐकू येते. ‘न्यूड’चंही तसंच. ते ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळातलं गाणं, तेव्हा हॅमंड ऑर्गनवर बेतलेलं. दहा वर्षं पडून राहिलं. बेसवादक कॉलिन ग्रीनवूडने त्याला नवी बेसलाइन (खालच्या सुरांची चाल) दिली आणि गाणं उभं राहिलं. कुणी मूड बदलायला बसलं नव्हतं, बेस बदलला आणि मूड आपोआप बदलला.

याच्या उलट ‘द किंग ऑफ लिम्ब्स’, 2011. आठ गाणी, 37 मिनिटं. जॉनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून छोटे तुकडे पकडून, फिरवून, एकावर एक रचून तो झाला. मला त्यातली ‘ब्लूम’ आणि ‘कोडेक्स’ आवडतात, पण अल्बममध्ये पाच माणसं क्वचितच एका वेळी एका खोलीत असल्यासारखी वाटतात. पुढे तीच गाणी क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमवादक घेऊन मैफलीत वाजवली तेव्हा त्यांच्यात रक्त आलं. पद्धत बदलली की तीच गाणी कशी बदलतात, हे बघायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

तिसऱ्या, गिटारवाल्या तटाला मी एवढंच सांगेन की तुम्हाला हवं ते बरंचसं येऊन गेलं आहे, फक्त दुसऱ्या नावाने. यॉर्क, जॉनी आणि ड्रमवादक टॉम स्किनर यांच्या ‘द स्माइल’चे तीन अल्बम आले: 2022 मध्ये एक आणि 2024 मध्ये दोन. ‘बेंडिंग हेक्टिक’ ऐकलं नसेल तर आज ऐका. आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला गिटारच्या तारा ओढून ओढून सूर वाकवलेला, मग व्हायोलिनं खालून सरकत, किंचाळत वर येतात, आणि वर पोचल्यावर गिटारी अंगावर कोसळतात. जॉनीच्या हातातली गिटारची भूक तिथे बरीचशी भागली असावी. म्हणून रेडिओहेड पुन्हा एकत्र बसलं तर गिटार हेच त्यांचं पहिलं आकर्षण असेल, असं मला वाटत नाही. ‘द बेंड्स’ 1995 चा, तेव्हा ही मंडळी पंचविशीत होती. आज सगळे पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्या वयाचा आवेश परत आणायचा प्रयत्न केला तर तो खोटा वाटेल, आणि या पाच जणांना खोटं वाजवता येत नाही.

जॉनीबद्दल आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2015 मध्ये तो इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादकांबरोबर जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राहिला, तिथेच स्टुडिओ मांडून ‘जुनून’ हा अल्बम केला. रेकॉर्डिंगला गॉडरिचच होता. कव्वालीचा ठेका, पितळी वाद्यांचा ताफा, आणि मध्ये जॉनी, बहुतेक वेळ मागे राहून साथ करणारा. तो अल्बम ऐकताना किल्ल्याच्या खोलीचा घुमार सतत जाणवतो, आणि गॉडरिचने तो पुसून काढलेला नाही. जागेचा आवाज हा दोष नाही, तो गाण्याचा भाग आहे, ही या माणसाची समज आहे. म्हणून पुढच्या अल्बमला गॉडरिच आहे की नाही, हा माझ्या दृष्टीने मूडच्या प्रश्नाहून मोठा प्रश्न आहे. ‘द स्माइल’चा पहिला अल्बम त्याचा होता, पुढचे दोन सॅम पेट्स-डेव्हिसने केले. ते कोरडे, जवळचे, चपळ आहेत. रेडिओहेडच्या पाच जणांना मात्र मोकळी हवा लागते, आणि ती कशी पकडायची हे गॉडरिचला ठाऊक आहे.

तर आशा कशाची धरायची? 2025 चा दौरा प्रेक्षकांच्या मधोमध मांडलेल्या गोल मंचावर झाला. पाच माणसं एकमेकांकडे तोंड करून वाजवत होती, रोज गाण्यांची यादी बदलत होती. या वर्षांमध्ये कॉलिन गायक निक केव्हबरोबर बेस वाजवत फिरला, सेल्वे आणि ओब्रायन यांनी स्वतःचे अल्बम केले. वेगवेगळ्या घरी शिकून आलेली माणसं जुन्या गाण्यांवर पुन्हा एकत्र येतात तेव्हा कान ताजे असतात. अशा वेळी लगेच स्टुडिओत शिरावं, असं मी कुठल्याही बँडला सांगेन. सेल्वेचे ड्रम खोलीसकट रेकॉर्ड व्हावेत, बेस पुढे असावा, यॉर्कचा आवाज जवळ आणि फारसा न सजवलेला. त्याच्या वरच्या पट्टीत आता जी खरखर आली आहे ती झाकू नये. तंतुवाद्यं असावीत, पण शेवटी थर म्हणून चढवलेली नसावीत. गाणी बांधतानाच त्यांची जागा ठरलेली असावी.

आणि जुन्या गाण्यांना दार उघडं ठेवावं. ‘न्यूड’ला दहा वर्षं लागली, ‘ट्रू लव्ह वेट्स’ला वीसहून जास्त. या बँडकडे अर्धवट राहिलेली गाणी मरत नाहीत. चाहत्यांचा एक वर्ग प्रत्येक वेळी ‘हे तर जुनंच आहे’ म्हणून नाराज होतो, त्यांना माझी विनंती आहे की पहिलं रूप काही दिवस कानाआड करून नवं ऐका.

पहिली बातमी येईल तेव्हा गाण्यांची नावं आणि मुखपृष्ठ याआधी तीन गोष्टी शोधा. काम कुठल्या इमारतीत झालं? मिक्सिंगच्या टेबलावर कोण होतं? आणि गाणी रेकॉर्ड होण्याआधी लोकांपुढे वाजली होती का? 2002 च्या उन्हाळ्यात पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वाजवलेली गाणी पुढे लॉस एंजेलिसला दोन आठवड्यांत भराभर रेकॉर्ड झाली आणि ‘हेल टू द थीफ’ तयार झाला. 2006 मध्ये तेच ‘इन रेनबोज’च्या बाबतीत घडलं. म्हणून एखाद्या मैफलीत अनोळखी गाणं वाजल्याची बातमी आली, तर त्याचं मोबाइलवर घेतलेलं धुरकट रेकॉर्डिंग जरूर ऐका, आणि कान सेल्वेच्या ठेक्याकडे ठेवा.